राखणीकडून आधाराकडे : लैंगिक अत्याचारपीडित विद्यार्थिनी आणि महाविद्यालयाचे उत्तरदायित्व – एक ऐतिहासिक आढावा

गोषवारा : महाविद्यालयीन परिसरातील सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने विद्यार्थिनींच्या राखणीच्या अंगाने झाला. अत्याचार घडल्यानंतर पीडित विद्यार्थिनीला आधार देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, ही जाणीव उशिरा आली आणि ती कायद्यात उतरण्यास आणखी काळ लागला. मथुरा प्रकरण, विशाखा निकाल, २०१३ चे कायदे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम या टप्प्यांतून झालेल्या बदलाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या इतिहासात शिक्षकांची भूमिका काय होती आणि आज ती काय असावी, हा लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजशब्द : लैंगिक अत्याचार, संमती, अंतर्गत तक्रार समिती, वसतिगृह, आधार

प्रस्तावना

परिसर सुरक्षिततेची चर्चा सुरू झाली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम भिंत, फाटक, ओळखपत्र, पहारेकरी आणि सीसीटीव्ही कॅमेरे येतात. या गोष्टी अनावश्यक आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु या साधनांचा रोख अत्याचार होऊ न देण्यावर असतो. तो झालाच तर त्या विद्यार्थिनीने कोणाकडे जावे, तिचे कोण ऐकून घेईल, तिची हजेरी, परीक्षा, वसतिगृहातील जागा यांचे काय होईल, या प्रश्नांची उत्तरे भिंतीजवळ नसतात. खेड्यातून एस. टी. ने शिकायला येणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर हे प्रश्न अधिक बिकट होतात. घरी कळले तर शिक्षण थांबेल आणि घाईने लग्न लावून दिले जाईल, ही भीती तिच्या मौनाचे मोठे कारण असते. म्हणजे अत्याचाराची शिक्षा अत्याचार करणाऱ्याच्या आधी तिलाच भोगावी लागते.

म्हणून सुरक्षितता आणि आधार या दोन संकल्पना वेगळ्या करून त्यांचा इतिहास तपासणे आवश्यक वाटते.

१. पूर्वपीठिका : १८६३ चे पुणे

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाचा आरंभ ज्या दांपत्याच्या हातून झाला, त्यांनीच संकटात सापडलेल्या स्त्रीला निवारा देण्याचा आरंभही केला, ही बाब शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी अधोरेखित होत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली आणि १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन केले. वैधव्यात गरोदर राहिलेल्या स्त्रियांना तेथे गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत होण्याची सोय होती. अशा स्त्रियांपैकी कित्येकींवर ही वेळ घरातल्या किंवा नात्यातल्या पुरुषांमुळेच येत असे. समाज मात्र दोष त्या स्त्रीलाच देई. १८७४ मध्ये फुले दांपत्याने काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला.

आजच्या कायद्याच्या परिभाषेत ही सर्व प्रकरणे लैंगिक अत्याचाराची होती असे म्हणता येणार नाही, आणि आजच्या संज्ञा दीडशे वर्षे मागे नेणे इतिहासलेखनाच्या शिस्तीत बसत नाही. तरीही त्या गृहाची दोन तत्त्वे लक्षात घेण्यासारखी आहेत. आलेल्या स्त्रीच्या चारित्र्याची चौकशी करायची नाही आणि तिची ओळख उघड करायची नाही. ही दोन तत्त्वे भारतीय कायद्यात उतरण्यास त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे लागली.

२. मथुरा प्रकरण आणि चार प्राध्यापकांचे पत्र

मथुरा ही विद्यार्थिनी नव्हती. ती मोलमजुरी करणारी, आईवडिलांवाचून वाढलेली आदिवासी मुलगी होती. तरीही परिसर सुरक्षिततेचा इतिहास तिच्यापासून सुरू करावा लागतो. कारण पुढे प्रत्येक विद्यार्थिनीची तक्रार ज्या ‘संमती’ या शब्दाभोवती फिरत राहिली, त्या शब्दाची कसोटी या प्रकरणात लागली.

२६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील (आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील) देसाईगंज पोलीस ठाण्यात तिच्यावर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार होती. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवला. भीतीपोटी निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे होते. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचा पुरावा नाही, यावरून प्रतिकार झाला नसल्याचा आणि म्हणून संमती असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

निकालानंतर वर्षभर सार्वजनिक पातळीवर फारसे काही घडले नाही. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. हे चौघेही कायद्याचे अध्यापक होते. पहिले तिघे दिल्ली विद्यापीठात, तर धागमवार पुणे विद्यापीठात शिकवत. संमती आणि शरणागती यांतील फरक न्यायालयाने ओळखला नाही, रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीकडून कोणत्या प्रतिकाराची अपेक्षा होती, असा त्या पत्राचा आशय होता. पत्राने देशभरातील स्त्रीसंघटनांना वाचा दिली. १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्च १९८० रोजी ठिकठिकाणी निदर्शने झाली.

खटल्याचा निकाल त्यामुळे बदलला नाही. कायदा मात्र बदलला. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा ठरला. अशा प्रकरणांत संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद पुरावा कायद्यात आली. सुनावणी बंद दालनात घेणे आणि पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई हेही याच दुरुस्तीने दिले.

आपल्या दृष्टीने यातील अर्थ असा की, या परिवर्तनाचा आरंभ शिक्षकांच्या लेखणीतून झाला. त्यांच्यापुढे त्यांची स्वतःची विद्यार्थिनी नव्हती आणि त्यांच्यावर कोणत्याही परिपत्रकाची सक्ती नव्हती. तिने काय केले, हा प्रश्न बाजूला सारून त्यांनी व्यवस्थेने काय केले, हा प्रश्न विचारला.

३. विशाखा निकाल ते २०१५ चे विनियम

हाच प्रश्न पुढे ‘मालक’ आणि ‘संस्था’ यांच्याकडे वळला. राजस्थानातील भटेरी गावच्या साथिन भंवरीदेवी यांनी बालविवाह रोखण्याचे शासकीय काम केले म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उद्भवलेल्या जनहित याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. न्या. जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली. तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि बाहेरची व्यक्ती असावी, ही चौकट तेथे ठरली. आपल्या महाविद्यालयांतील समितीला आजही बोलीत ‘विशाखा समिती’ म्हणतात, ते यामुळेच.

तथापि, विशाखा निकालाचा केंद्रबिंदू नोकरी करणारी स्त्री होती. विद्यार्थिनीसाठी काय, याचे उत्तर विद्यापीठांनी आपापल्या परीने शोधले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ मध्ये विद्यार्थी प्रतिनिधींचा समावेश असलेली स्वतंत्र समिती स्थापन झाली व ती २०१७ पर्यंत कार्यरत राहिली. अन्यत्र अनेक ठिकाणी समिती कागदावरच होती. ही अंमलबजावणीतील उणीव सर्वोच्च न्यायालयापुढे नेण्याचे श्रेय पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांना जाते. त्यांच्या याचिकेवर न्यायालयाने २००४ मध्ये समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा असे सांगितले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत फिजिओथेरपी शिकणाऱ्या तरुणीवर बसमध्ये सामूहिक अत्याचार झाला व २९ डिसेंबरला तिचा मृत्यू झाला. विशाखा निकाल देणारे न्या. वर्मा आता निवृत्त होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल सादर केला. त्या वर्षीच्या फौजदारी कायदा दुरुस्तीने संमतीची व्याख्या स्पष्ट केली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्यानेच सांगितले. मथुरा प्रकरणातील प्रश्नाला कायद्याचे उत्तर मिळण्यास ४१ वर्षे लागली. हीच व्याख्या १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कायम आहे.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणारा कायदाही २०१३ चाच. त्यात शैक्षणिक संस्था ‘कामाचे ठिकाण’ ठरली आणि तेथे नोकरी नसलेली स्त्रीही तक्रारदार होऊ शकली. मात्र विद्यार्थ्यांना नेमके नजरेसमोर ठेवून लिहिले गेले ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम. ते मे २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. सर्व लिंगभावांच्या विद्यार्थ्यांना त्यांनी संरक्षण दिले. शैक्षणिक सहली, क्षेत्रभेटी आणि संस्थेने पुरवलेली वाहने यांचा समावेश ‘परिसर’ या संज्ञेत केला. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी असावेत आणि वरिष्ठ प्रशासकीय पदावरील व्यक्ती समितीत नसावी, अशी अट घातली.

४. राखणीची परंपरा

कायद्याचा हा प्रवाह वाहत असताना परिसरातील व्यवहार मात्र जुन्याच वळणाने चालत राहिला. मुलींचे वसतिगृह संध्याकाळी लवकर बंद, मुलांचे उशिरा, हा नियम शिस्तीचा मानला गेला. वेशभूषेची परिपत्रके निघाली. एक दिवसाच्या स्वसंरक्षण कार्यशाळा झाल्या. ‘निर्भय कन्या’सारख्या उपक्रमांतून मुलींना आत्मविश्वास मिळतो, हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. या सर्व उपायांत बदल अपेक्षित आहे तो मुलीच्या वागण्यात, संस्थेच्या वागण्यात नाही.

दिल्लीतील विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ या नावाने वसतिगृहांच्या अशा नियमांविरुद्ध आवाज उठवला. आयोगाच्या विनियमांनीही सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत असे बजावले. आयोगाच्याच ‘सक्षम’ या २०१३ च्या अहवालाची भूमिकाही पहारा वाढवण्यापेक्षा स्त्रियांचे स्वातंत्र्य अबाधित ठेवणारे वातावरण निर्माण करण्याची होती.

राखणीच्या कल्पनेतील मूळ दोष असा की, ती धोका बाहेरून येतो असे गृहीत धरते. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोड परिसरातील शासकीय महिला वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशयित त्याच वसतिगृहातील कर्मचारी होता आणि त्याच दिवशी त्याचा मृतदेह लोहमार्गावर सापडला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टर तरुणीवर अत्याचार व तिची हत्या झाली ती रुग्णालयाच्या चर्चासत्र कक्षात. या दोन्ही ठिकाणी भिंती होत्या, फाटके होती. ज्यांच्यापासून धोका असतो ते पुष्कळदा आतले, ओळखीचे आणि अधिकाराच्या जागेवरचे असतात. म्हणून रात्री फाटक बंद करणे आणि सुरक्षितता देणे यांत गल्लत करता येत नाही.

५. तक्रारीनंतरचा काळ

समिती स्थापन झाली, फलक लागला, वार्षिक बैठकीचे इतिवृत्त नॅकच्या फाईलमध्ये गेले, म्हणजे कर्तव्य पूर्ण झाले असे समजण्याची प्रवृत्ती आढळते. तक्रार हाताळण्याची रीत चुकली तर काय होते, हे दोन अलीकडील प्रकरणांतून दिसते.

पहिले गोवा विद्यापीठाचे. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका अध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली, पुढे अध्यापकास सेवेतून काढण्यात आले व मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द केली. चौकशी अखेरच्या टप्प्यात घाईने उरकली गेली, बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नाही, हे त्याचे कारण. २००९ मध्ये ज्या टप्प्यावर होती तेथून चौकशी पुन्हा सुरू करण्याचा आदेश झाला. याच निकालात देशभरातील समित्यांची पडताळणी, सदस्यांची माहिती संकेतस्थळावर देणे आणि त्यांचे प्रशिक्षण यांविषयीही आदेश आहेत. नैसर्गिक न्यायाची काळजी घेणे हे केवळ आरोपीच्या हिताचे असते, असा समज या प्रकरणाने खोटा ठरवला. सदोष कार्यपद्धतीमुळे ज्या विद्यार्थिनींनी धैर्याने तक्रार केली, त्यांचाही प्रश्न १४ वर्षांनंतर पुन्हा आरंभाशी येऊन ठेपला. काटेकोर कार्यपद्धती हाही पीडितेला दिलेला आधारच आहे.

दुसरे प्रकरण ओडिशातील बालासोरचे. तेथील एका महाविद्यालयातील बी. एड. च्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती. १२ जुलै २०२५ रोजी तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले आणि १४ जुलैला तिचा मृत्यू झाला. तेथे समिती होती आणि तक्रारही दाखल झालेली होती. तक्रार करणे आणि निर्णय होणे यांच्या मधले दिवस ती विद्यार्थिनी कसे काढते, याकडे कोणाचे लक्ष असते, हा प्रश्न या मृत्यूने सर्वच महाविद्यालयांपुढे ठेवला आहे.

६. आधार म्हणजे नेमके काय?

आधार ही भावनिक शब्दांची बाब नव्हे. कायद्याने व विनियमांनी तिला निश्चित रूप दिले आहे आणि ते प्रत्येक अध्यापकास ठाऊक असणे आवश्यक आहे.

पहिली बाब वैद्यकीय. कोणत्याही शासकीय वा खासगी रुग्णालयाने पीडितेवर तातडीने व विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. ते नाकारणे गुन्हा आहे. गर्भधारणा व एचआयव्ही टाळण्याच्या औषधोपचारासाठी पहिले ७२ तास मोलाचे असतात. त्यामुळे ‘आधी घरी जा, उद्या पाहू’ हा सल्ला घातक ठरू शकतो. चारित्र्याचा छडा लावू पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा निषिद्ध ठरवली आहे.

दुसरी बाब पोलीस तक्रारीची. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदवता येते. सज्ञान विद्यार्थिनीने पोलिसांकडे जायचे की नाही हा निर्णय तिचा आहे. तिने जायचे ठरवल्यास साहाय्य करणे समितीचे कर्तव्य आहे. मात्र आपल्या अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले असतात. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यावरील अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने सक्तीचे आहे. तेथे ‘संस्थेचे नाव’ हे कारण चालत नाही. महाराष्ट्र शासनाच्या २०१३ पासूनच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून पीडितेला अर्थसाहाय्य मिळू शकते, हीदेखील तिला सांगण्याची गोष्ट आहे.

तिसरी बाब शैक्षणिक, आणि ती सर्वस्वी आपल्या हातात आहे. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा, हजेरीच्या अटीत सवलत, विभाग वा मार्गदर्शक बदलून देणे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिचे पेपर तपासण्यापासून किंवा तिचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवणे, या तरतुदी विनियमांत आहेत. समुपदेशनाची सोयही संस्थेने करावयाची आहे. या तरतुदी वापरल्या गेल्या तर ‘शिक्षण थांबेल’ या भीतीला प्रत्यक्ष उत्तर मिळते.

चौथी बाब गुप्ततेची. शिक्षककक्षातील कुजबुज हा कायद्याचा भंग असतो, शिवाय पुढच्या विद्यार्थिनीने तोंड न उघडण्याचे ते कारण ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या विषयातील प्रत्येक पुढचे पाऊल ‘ती कशी वागली’ या प्रश्नाऐवजी ‘व्यवस्था कशी वागली’ हा प्रश्न विचारल्यामुळे पडले. १८६३ मध्ये तो दोन शिक्षकांनी आपल्या कृतीतून विचारला, १९७९ मध्ये चार अध्यापकांनी पत्रातून. आज तो विचारण्यासाठी असामान्य धैर्याची आवश्यकता नाही. कायदा, विनियम आणि समिती उपलब्ध आहेत.

तरीही अत्याचार झालेली विद्यार्थिनी प्रथम समितीकडे जात नाही. तिला वर्गात ज्यांचा विश्वास वाटला त्या अध्यापिकेकडे किंवा अध्यापकाकडे ती जाते, बहुधा दुसरेच काही निमित्त काढून, आणि बोलावे की परत फिरावे हे त्या पहिल्या दोन-चार मिनिटांत ठरवते. ‘तू तिथे का गेली होतीस?’ हा प्रश्न आला, तर नंतरची सर्व यंत्रणा निरुपयोगी ठरते. ‘तुला आत्ता कशाची गरज आहे?’ हा प्रश्न आला, तर यंत्रणेला काम करण्याची संधी मिळते. म्हणून समिती सदस्यांबरोबरच सर्व अध्यापक, वसतिगृह अधीक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांचे याविषयी प्रशिक्षण व्हावे, समितीवरील विद्यार्थी प्रतिनिधींची निवड नियमाप्रमाणे व्हावी, आणि परिसराच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करताना कॅमेऱ्यांच्या संख्येबरोबर आणखी एक गोष्ट तपासली जावी. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीने आपले शिक्षण पूर्ण केले का? या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देऊ शकणारे महाविद्यालयच सुरक्षित म्हणवून घेण्यास पात्र ठरेल.